दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये आपली नाडी कशी मोजायची, कशी वाचायची

चेंबरचं दार बंद झालं की पहिली दहा मिनिटं मी कुणाशी फारसं बोलत नाही. हवा आत शिरण्याचा आवाज मोठा असतो, आत उबारा वाढत जातो आणि समोरासमोर बसलेले सहाही जण आपापल्या कानांशी झटत असतात. हा हायपरबेरिक ऑक्सिजनचा, म्हणजे बंद चेंबरमध्ये हवेचा दाब वाढवून शुद्ध ऑक्सिजन देण्याचा उपचार, आणि मी आत बसणारी नर्स. रुग्ण शुद्ध ऑक्सिजन घेतात, मी चेंबरमधली दाबलेली हवा घेते. बारा वर्षं झाली, या वेळी माझ्या हातात कुणाचं ना कुणाचं मनगट असतं.

बहुतेक जण येतात ते मधुमेहाच्या न भरणाऱ्या जखमेसाठी, नाहीतर कर्करोगाच्या किरणोपचारानंतर जबड्याला किंवा मूत्राशयाला झालेल्या इजेसाठी. रोज एक सत्र, अशी तीस-चाळीस सत्रं. जखमेबद्दल त्यांना सगळं सांगितलेलं असतं. हृदयाचं आणि मज्जासंस्थेचं आत काय होतं हे मात्र निवांत बसून कुणी सांगितलेलं नसतं. मग चौथ्या-पाचव्या दिवशी कुणीतरी हळू आवाजात विचारतं, "सिस्टर, माझे ठोके कमी झालेत. काही बिघडलं का?" निवृत्त शिक्षक असलेल्या एका आजोबांनी हे विचारलं, तेव्हा त्यांचा चेहरा इतका उतरला होता की मी त्यांना त्याच दिवशी एक वही घालायला लावली. त्यांची भीती त्या वहीने घालवली. पुढे मी प्रत्येकाला तीच रीत शिकवत आले, ती इथे लिहिते.

आधी घरचा आकडा हवा

चेंबरमध्ये साठ आले की सत्तर, याला एकट्याने काही अर्थ नाही. तुमचा नेहमीचा आकडा किती, हे माहीत असेल तरच तो बोलतो. म्हणून पहिल्या सत्राच्या आधी निदान पाच दिवस घरी नाडी मोजा. दहा मिनिटं शांत पडून राहा किंवा टेकून बसा. एका हाताचा तळवा वर करा. अंगठ्याच्या मुळाखाली मनगटाच्या कडेला जी खोलगट जागा आहे, तिथे दुसऱ्या हाताची तर्जनी आणि मधलं बोट हलकेच ठेवा. अंगठ्याने मोजू नका, अंगठ्याला स्वतःची नाडी असते आणि ती तुम्हाला फसवते. बोटं दाबलीत तर ठोका हरवतो, अगदी अलगद ठेवलीत तर लागतच नाही. दोन-तीन दिवसांत हात बसतो.

पूर्ण एक मिनिट मोजा. पंधरा सेकंद मोजून चारने गुणायची सवय अनेकांना असते. त्यात एका ठोक्याची चूक चारची होते आणि चुकलेला ठोका तर कळतच नाही.

मोजताना आणखी एका गोष्टीकडे लक्ष द्या. श्वास आत घेताना ठोके किंचित जवळ येतात, सोडताना लांबतात. वयानुसार हा फरक कमी-जास्त असतो, तरुणांत तो ठळक जाणवतो. तो दोष नाही. मेंदूकडून हृदयाकडे जाणारा व्हेगस नावाचा मज्जातंतू हृदयाचा लगाम धरून असतो, आणि श्वासाबरोबर तो लगाम सैल-घट्ट होतो. बोटाखालची ही लय घरीच ओळखून ठेवा, आत ती जास्त स्पष्ट होईल.

ठोके का कमी होतात

हा भाग थोडा सावकाश वाचा, कारण तो कळला की भीती जाते.

आपल्या नेहमीच्या हवेत ऑक्सिजन २१ टक्के असतो आणि दाब एक वातावरण. आमच्याकडे जखमांसाठी साधारण २.४ वातावरण दाब ठेवतात, म्हणजे समुद्रात १४ मीटर खोल गेल्यावर असतो तेवढा. त्या दाबाला शुद्ध ऑक्सिजन घेतला की श्वासातल्या ऑक्सिजनचा दाब बाहेरच्या अकरा पटींहून जास्त होतो. हिमोग्लोबिन बाहेरच जवळजवळ भरलेलं असतं, त्यात आणखी फार मावत नाही. वाढतो तो रक्ताच्या पाण्यात विरघळलेला ऑक्सिजन. साध्या हवेत १०० मिलिलिटर रक्तात तो जेमतेम ०.३ मिलिलिटर असतो, तीन वातावरण दाबाच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये सहाच्या आसपास जातो. आराम करणाऱ्या शरीराला तेवढ्यावर भागवता येतं. अॅम्स्टरडॅमच्या बोरेमा या शल्यविशारदाने १९६० च्या सुमारास डुकरांचं जवळजवळ सगळं हिमोग्लोबिन काढून टाकलं आणि तीन वातावरणात ऑक्सिजन देऊन ती जिवंत ठेवली, तेव्हा हे जगाला दिसलं.

आता हृदयाच्या जागी बसून विचार करा. प्रत्येक थेंबात एवढा ऑक्सिजन जात असेल तर घाई कशाला? शरीर खरोखर तसंच वागतं. त्याच्या वाटा मात्र दोन-तीन आहेत.

पहिली वाट रक्तवाहिन्यांची. वाहिन्यांच्या आतल्या अस्तरातून नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सुटत असतो, तो त्यांना सैल ठेवतो. ऑक्सिजन फार झाला की तयार होणारे आक्रमक कण त्याला पकडून निकामी करतात. वाहिन्या आकसतात, रक्तदाब थोडा चढतो. मानेतल्या आणि महाधमनीतल्या दाब ओळखणाऱ्या टोकांना ते लगेच समजतं. ती मेंदूला कळवतात आणि मेंदू व्हेगसमार्फत लगाम ओढतो. ठोके कमी होतात.

दुसरी वाट मानेतल्या एका इवल्याशा अवयवाची, कॅरोटिड बॉडीची. रक्तातला ऑक्सिजन घटला की आरडाओरडा करून श्वास आणि हृदय पळवायचं हे तिचं काम. चेंबरमध्ये तिला ओरडण्याचं कारणच उरत नाही. ती गप्प झाली की शरीराला सावध, तयारीत ठेवणारी अनुकंपी मज्जासंस्था खाली बसते आणि विसाव्याची, परानुकंपी बाजू वर येते. तिसरा, लहानसा वाटा खुद्द दाबाचा आणि दाट झालेल्या वायूचा असतो. म्हणून तर नुसती हवा घेत बसलेल्या माझीसुद्धा नाडी आत दोन-चार ठोक्यांनी उतरते. अर्थात २.४ वातावरणातल्या हवेतही मला बाहेरच्या ५० टक्क्यांइतका ऑक्सिजन मिळत असतो, हेही त्यात आलंच.

किती उतरते? शांत बसलेल्या माणसाची साधारण दहा टक्क्यांच्या आसपास, कुणाची कमी, कुणाची जास्त. हृदय मिनिटाला बाहेर टाकतं ते एकूण रक्तही कमी होतं, मुख्यतः ठोके कमी झाले म्हणून. मेंदूकडे जाणाऱ्या वाहिन्यासुद्धा आकसतात. हे वाचून दचकू नका. रक्त कमी गेलं तरी त्यातून पोचणारा ऑक्सिजन पुष्कळ असतो. वाहिन्या आकसून मेंदू ऑक्सिजनच्या लोंढ्यापासून स्वतःला वाचवत असतो.

आत मोजायचं कसं

घड्याळ, मोबाइल, मनगटावरचा ठोके मोजणारा पट्टा, कानातलं श्रवणयंत्र, हात ऊबदार ठेवणारी पिशवी, यातलं काहीही आत न्यायचं नाही. ऑक्सिजन जिथे जास्त असतो तिथे ठिणगीची आग क्षणात होते. १९९७ मध्ये इटलीत मिलानच्या एका चेंबरमध्ये हात शेकायचं साधन आत गेलं आणि लागलेल्या आगीत ११ माणसं गेली. मी दारापाशी खिसे तपासते तेव्हा लोक कधी कधी रागावतात. त्यांनी रागावलेलं मला चालतं. मी खिसे तपासायची थांबणार नाही.

म्हणून नाडी बोटाने मोजायची आणि वेळ दुसऱ्याने सांगायची. मोठ्या चेंबरमध्ये मी असतेच. एकाच माणसाच्या नळीसारख्या चेंबरमध्ये असाल तर इंटरकॉमवरून ऑपरेटरला सांगा, "मला एक मिनिट द्या." तो "सुरू" म्हणेल, मिनिट झाल्यावर "थांबा" म्हणेल, तुम्ही आकडा सांगायचा आणि त्याने लिहायचा. कुणी नाही म्हणत नाही, आधी बोलून ठेवलं म्हणजे झालं. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर विसंबू नका. तो १०० दाखवेल आणि १०० च दाखवत राहील. शंभराच्या पलीकडे विरघळलेल्या ऑक्सिजनबद्दल त्याला काहीच कळत नाही.

मी सहा वेळा मोजायला सांगते. आत जाण्याआधी खुर्चीत पाच मिनिटं बसून एकदा. दाब पूर्ण झाल्यावर, मास्क किंवा हूड (डोक्यावरून घालायची पारदर्शक टोपी) लावायच्या आधी एकदा. ऑक्सिजनवर वीस मिनिटं झाल्यावर. हवेच्या पहिल्या थांब्यात, म्हणजे ऑक्सिजन थांबवून पाच मिनिटं नुसती हवा घेता तेव्हा. ऑक्सिजनच्या शेवटच्या टप्प्याच्या अखेरीस. आणि बाहेर आल्यावर दहा मिनिटांनी.

दाब वाढत असताना मोजू नका. त्या वेळी तुम्ही नाक चिमटीत धरून, तोंड मिटून, कानांचे दडे सोडवत असता. या जोर लावण्याने नाडी आधी वाढते आणि जोर सोडल्यावर एकदम मंदावते. तो आकडा ऑक्सिजनचा नव्हे, तुमच्या कसरतीचा. शिवाय दाबताना हवा तापते आणि उकाड्यानेही ठोके वाढतात. एक बाई दुसऱ्या दिवशी याच वेळी मोजून "छप्पन्न!" म्हणून घाबरल्या होत्या. दहा मिनिटांनी पुन्हा मोजलं, एकाहत्तर. कानाला जोर लावताना तो हलका लावा, गिळून पाहा, जबडा हलवून पाहा. कान दुखला तर लगेच हात वर करा. दाब तिथेच थांबवता येतो, थोडा खालीही आणता येतो.

पान कसं वाचायचं

त्या आजोबांच्या वहीतलं नवव्या सत्राचं पान माझ्या लक्षात आहे. बाहेर ७६. दाब झाल्यावर ८२. ऑक्सिजनवर वीस मिनिटांनी ७०. हवेच्या थांब्यात ७३. शेवटी ६६. बाहेर आल्यावर ७२.

हे निरोगी पान आहे. आत शिरताना थोडी चढण, ती उकाड्याची, कानांची आणि मनातल्या धाकधुकीची. मग उतार. हवेच्या थांब्यात ऑक्सिजन काढून घेतला की दोन-चार ठोके परत चढतात. मला पानातली ही सगळ्यात सुंदर नोंद वाटते, कारण शरीर ऑक्सिजनला कसं उत्तर देतं ते तिच्यात उघड दिसतं. मग पुन्हा उतार, आणि बाहेर आल्यावर जवळपास मूळ जागी.

पहिल्या दोन-तीन सत्रांची पानं अशी दिसणार नाहीत. भीतीने नाडी चढलेलीच राहील, कधी सत्रभर. ती पानं बाजूला ठेवा, पाचव्यापासून तुलना करा. बंद जागेची धास्ती असेल तर श्वास बाहेर सोडणं घेण्यापेक्षा थोडं लांबवा. लांब उच्छ्वासाने व्हेगसचा लगाम आवळतो. मात्र श्वास रोखून धरू नका आणि मुद्दाम कमी श्वास घेऊ नका, त्याचं कारण पुढे येतंच.

बीटा-ब्लॉकर जातीची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर तुमची नाडी आधीच मंद असेल आणि उतार लहान दिसेल. पेसमेकर असेल तर ठोके त्याच्या ठरलेल्या आकड्याखाली जाणारच नाहीत. तो पेसमेकर दाबाला तपासलेला आहे का, हे पहिल्या सत्राआधी डॉक्टरांनी कंपनीकडून खात्री करून घ्यायचं असतं. मधुमेह जुना असेल, पायाच्या नसा बधिर झाल्या असतील, तर हृदयाच्या नसाही थोड्या बधिरलेल्या असू शकतात. अशांची नाडी ऑक्सिजन द्या, हवा द्या, फारशी हलत नाही. त्याने उपचार निष्फळ होत नाही, नाडीची खूण तेवढी कमी उपयोगाची होते.

आता काळजीची पानं. ऑक्सिजनवर असताना नाडी उतरायच्या ऐवजी चढत गेली आणि सोबत खोकला, धाप, छातीत घरघर आली, तर तत्क्षणी सांगा. वाहिन्या आकसल्यामुळे हृदयाला जास्त रेट्याविरुद्ध रक्त ढकलावं लागतं. अशक्त हृदयाला ते झेपलं नाही तर फुप्फुसात पाणी साठतं. पायांवर सूज येत असेल, आडवं पडलं की दम लागत असेल, तर हे उपचार सुरू होण्याआधीच सांगायला हवं. नाडी पन्नासच्या खाली गेली आणि डोळ्यांपुढे अंधारी, घाम, मळमळ असेल तर तेही सांगा. नुसते ठोके कमी, पण माणूस बरा, गप्पा मारतोय, तर मी फक्त लिहून ठेवते. दाब उतरताना अचानक छातीत कळ, धाप आणि पळती नाडी ही वेगळीच आणि तातडीची गोष्ट आहे, फुप्फुसातून हवा फुटून बाहेर आल्याची ती खूण असू शकते. दाब उतरताना श्वास कधीही रोखायचा नाही तो याचसाठी. २.४ वातावरणाला छातीत कोंडलेली हवा बाहेर येईपर्यंत २.४ पट फुगते.

मेंदूची बाजू

आतापर्यंत सांगितली ती मज्जासंस्थेची शांत होणारी बाजू. उलट बाजूही आहे. तीच जास्त जपायची, आणि नाडी तिची खबर वेळेवर देत नाही.

दाबाखालचा ऑक्सिजन प्रमाणाबाहेर किंवा फार वेळ मिळाला तर मेंदू खवळतो आणि आकडी येते. पॉल बर्त या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८७८ मध्येच हे लिहून ठेवलं होतं. मेंदूतल्या पेशींना आवर घालणारं गाबा नावाचं रसायन कमी पडतं, आवर सुटतो. आकसून बसलेल्या वाहिन्याही एका टप्प्याला हार मानून सैलावतात, आणि मग ऑक्सिजनचा लोंढा मेंदूवर येतो.

नेहमीच्या उपचारात हे हजारो सत्रांमागे एखाद्या वेळी घडतं. पण कुणाला आणि कधी, हे आधी सांगता येत नाही. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश नौदलाच्या केनेथ डोनाल्ड यांनी पाण्याखाली बुडी मारणाऱ्या माणसांवर प्रयोग केले. एकाच माणसाला त्याच खोलीवर, सुमारे २१ मीटरवर, वेगवेगळ्या दिवशी ऑक्सिजन दिला, तर त्याला लक्षणं दिसायला कधी ७ मिनिटं लागली, कधी १४८. माणूस तोच, खोली तीच. "काल मला काही झालं नाही" या वाक्यावर मी भरवसा ठेवत नाही तो यामुळेच. याच प्रयोगांतून आणखी एक दिसलं. पाण्यात आणि श्रम करताना ऑक्सिजन फार कमी सोसतो, कोरड्या चेंबरमध्ये स्वस्थ बसलेल्याला पुष्कळ जास्त. म्हणून चेंबरमध्ये हातपाय ताणत बसू नका, व्यायाम नको.

कार्बन डायऑक्साइड साठला तर धोका वाढतो. तो मेंदूच्या वाहिन्या उघडतो, म्हणजे मेंदूने लावलेलं दार आपणच ढकलतो. श्वास रोखू नका म्हणाले ते यासाठी. हूडमध्ये वायूचा प्रवाह कमी वाटला, कोंदट वाटलं, डोकं जड झालं, तर लगेच बोला.

पुढच्या खुणा मी प्रत्येकाला पहिल्या दिवशी पाठ करायला लावते. डोळे: नजर अरुंद होणं, कडेचं न दिसणं, चमकणं. कान: घंटानाद, गुणगुण. पोट: मळमळ. चेहरा: ओठ, गाल, पापणी फडफडणं. मन: विनाकारण चिडचिड, अस्वस्थता. तोल: गरगरणं. ओठांची फडफड मला सगळ्यात महत्त्वाची वाटते, कारण ती मला बाहेरून दिसते. बाकीच्या तुम्हीच सांगायच्या. यातलं काहीही झालं तर हात वर करा आणि मास्क स्वतः काढा. परवानगीची वाट पाहू नका. चेंबरमधल्या हवेत मास्क काढला की ऑक्सिजन लगेच उतरतो आणि बहुतेक वेळा खुणा मिनिटा-दोन मिनिटांत विरतात. नळीसारख्या चेंबरमध्ये सगळीकडे ऑक्सिजनच भरलेला असेल तर हवेचा मास्क जवळ ठेवलेला असतो. तो कुठे आहे आणि कसा लावायचा, हे दार लागण्याआधी हाताने करून पाहा.

कधी कधी एकही खूण न दिसता थेट आकडी येते. हे लपवून काही उपयोग नाही. म्हणूनच हवेचे थांबे असतात, दर वीस-तीस मिनिटांनी पाच मिनिटं. तेवढ्यात शरीर आपलं बचावाचं सामान पुन्हा भरून घेतं. "मला थांबा नको, लवकर संपवू या," असं बरेच जण म्हणतात. थांबा हा औषधाचाच भाग आहे, तो गाळायचा नाही.

मी प्रत्यक्ष पाहिलेली पहिली आकडी अजून डोळ्यांसमोर आहे. तिशीतला तरुण, सतरावं सत्र, रोज हसतमुख. त्या दिवशी पांघरूण नीट नाही म्हणून माझ्यावर खेकसला. मला वाटलं, झोप झाली नसेल. मिनिटभरात त्याचा ओठ एका बाजूला उडू लागला. मी हूडकडे हात नेईपर्यंत तो ताठ झाला. हूड काढला, त्याला कुशीवर वळवलं, डोकं धरलं आणि इंटरकॉमवर ओरडले, "दाब हलवू नका!" शरीर ताठ असताना घसा बंद असतो, तेव्हा दाब उतरवला तर फुप्फुस फाटू शकतं. झटके थांबून श्वास नीट चालू झाल्यावरच हळूहळू वर यायचं. सगळं मिळून दोन मिनिटंही गेली नसतील. तो पुढे ठणठणीत राहिला. ऑक्सिजनची आकडी ऑक्सिजन काढला की जाते, ती म्हणजे अपस्माराची सुरुवात नव्हे. नंतर कळलं, सकाळपासून त्याला ताप होता. सत्र चुकेल म्हणून त्याने सांगितलं नव्हतं. तापात आकडीचा उंबरठा खाली येतो. त्या दिवसापासून खेकसणाऱ्या माणसाला मी आधी हवेवर घेते, कारण मग विचारते.

दारापाशी सांगायच्या गोष्टी

ताप, सर्दी, रात्रभर न झालेली झोप, पूर्वी कधी आलेली आकडी. नवीन औषध, विशेषतः ट्रॅमाडॉलसारखी वेदनाशामकं आणि नैराश्यावरचं ब्युप्रोपिऑन, कारण ती आकडीचा उंबरठा खाली आणतात. ब्लिओमायसिनसारखी कर्करोगाची औषधं पूर्वी घेतली असतील तर तेही. फुप्फुसाभोवती हवा साठण्याचा त्रास झाला असेल तर ते सांगितल्याशिवाय आत पाऊलच टाकू नका. धूम्रपान उपचाराच्या काळात बंद ठेवा. निकोटिनने वाहिन्या वेगळ्या आकसतात, मग तुमचं पानही वाचता येत नाही आणि जखमही भरत नाही. कॉफीची सत्राआधी सुट्टी.

मधुमेह असेल तर उपाशी येऊ नका. आत साखर उतरते, आणि उतरलेल्या साखरेची लक्षणं पाहा: घाम, थरथर, चिडचिड, पळती नाडी, शेवटी आकडी. ऑक्सिजनच्या खुणांशी किती मिळतीजुळती! आत मला ओळखता येईपर्यंत वेळ जातो, म्हणून साखर आधी आणि नंतर तपासायची. बीटा-ब्लॉकर घेणाऱ्यांत तर पळती नाडी आणि थरथर या दोन्ही खुणा झाकल्या जातात, उरतो तो घाम. काही ग्लुकोमीटर एवढ्या ऑक्सिजनमध्ये आकडा चुकवतात, तेव्हा आत मोजलेल्या साखरेवर एकट्याने निर्णय घेऊ नये.

घरी फुगवायच्या मऊ चेंबरबद्दल लोक विचारतात. त्यांचा दाब साधारण १.३ वातावरण असतो. नुसती हवा भरली तर तो बाहेर २७ टक्के ऑक्सिजन घेतल्यासारखा झाला. वर सांगितलेले उतार-चढाव त्यात शोधू नका, आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यात ऑक्सिजन सोडायचा प्रयोग अजिबात करू नका. तिथे आग ओळखणारं, थांबा देणारं, आकडीत डोकं धरणारं कुणी नसतं.

बाहेर आल्यावर

दार उघडलं तरी लगेच उठू नका. दोन तास बसून किंवा पडून असता, व्हेगसचा लगाम अजून थोडा ओढलेला असतो, आणि आकसलेल्या वाहिन्या सैल होत असतात. एक-दोन मिनिटं पाय खाली सोडून बसा, मग उभे राहा. थकवा आणि झोप येणं नेहमीचं आहे. दहा मिनिटांनी शेवटची नाडी मोजा, पान पुरं करा. रक्तदाबाचा त्रास असेल तर तोही आधी-नंतर लिहून घ्या. ठोके उतरलेले पाहून दाबही उतरला असेल असं लोक धरून चालतात. आत तो बहुधा थोडा चढलेला असतो.

दर दहा सत्रांनी वही डॉक्टरांपुढे ठेवा. एकेका आकड्यावर बोट ठेवण्यापेक्षा पूर्वीची पानं आणि आजची पानं शेजारी धरा. उतार रोज दिसायचा तो आता दिसेनासा झालाय का, बाहेर आल्यावरचा आकडा दिवसेंदिवस चढतोय का, चिडचिड किंवा फडफड एकदाही लिहिली गेलीय का, एवढं पाहायचं.

वीस-पंचवीस सत्रांनंतर लांबचं धूसर दिसू लागतं आणि जवळचं वाचायला चष्मा लागेनासा होतो. मास्तर आजोबांनी हे आनंदाने सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी मनात शंका घेऊन आले, की नजरेची नस तर गेली नाही ना. नस जागच्या जागी असते, बदल डोळ्यातल्या भिंगात होतो. सत्रं संपल्यावर काही आठवड्यांत ते पूर्ववत होऊ लागतं, कुणाला काही महिने लागतात. तोवर नवा चष्मा करू नका, आणि दूरचं धूसर असताना गाडी चालवू नका. पण चेंबरमध्ये बसलेले असताना नजर अचानक बदलली, तर ते भिंग नव्हे. तेव्हा मास्क काढा आणि हात वर करा.